फुकटची सिक्युरिटी टूल्स धोकादायक? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या ग्रुपवर आणि काल तर चक्क मावशीकडून, असा तीन ठिकाणहून एकच फॉरवर्ड आला. वर लाल त्रिकोण, खाली "आयटी एक्स्पर्टचा इशारा". म्हणणं थोडक्यात असं, की वायरशार्क, एनमॅप, स्नॉर्ट, क्लॅमएव्ही असली फुकटची सिक्युरिटी आणि नेटवर्क बघायची सॉफ्टवेअरं कॉम्प्युटरवर ठेवू नका. (वायरशार्क नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवतं, एनमॅप मशीनवर कुठली दारं उघडी आहेत ते शोधतं, स्नॉर्ट घुसखोरीचे इशारे देतं, क्लॅमएव्ही व्हायरस शोधतं.) कारण एक, फुकट देणारे तुमचा डेटा विकतात. दोन, यांचा कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे हॅकरलाही दिसतो. तीन, ही हॅकरची टूल्स आहेत, तुमच्याकडे सापडली तर आयटी ॲक्टखाली आत जाल. चार, शेजाऱ्याने वायरशार्क लावलं की तो तुमचे ओटीपी आणि व्हॉट्सॲप वाचतो. पाच, पैसे भरून घेतलं की जबाबदारी कंपनीची. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो, माझं पोट बऱ्यापैकी याच टूल्सवर चालतं, त्यामुळे दहा जणांना पाठवायच्या ऐवजी मावशीला लांबलचक उत्तर टाईप केलं. तेच जरा नीट करून इथे टाकतोय.

पहिला मुद्दा, फुकट म्हणजे डेटा विकतात. यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मी मान्य करतो. अवास्टचं फुकट अँटीव्हायरस आठवतंय का, कित्येकांच्या लॅपटॉपवर होतं. 2020 च्या जानेवारीत बाहेर आलं की लोक कुठल्या साइटवर जातात तो डेटा त्यांचीच जंपशॉट नावाची कंपनी विकत होती, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यांना 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. पण गंमत अशी की ते सॉफ्टवेअर फुकट होतं, मुक्त नव्हतं. इंग्रजीत दोन्हीला फ्री म्हणतात म्हणून हा सगळा घोळ होतो, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत तर वापरा ना! फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे कोड उघडा, बघा, बदला, पुढे द्या, आणि ते लायसनमध्ये लिहिलेलं. वायरशार्क गेराल्ड कोम्ब्सने 1998 ला इथिरियल नावाने काढलं, 2006 ला नाव बदललं, सुरुवातीपासून आजपर्यंत जीपीएल या मुक्त लायसनखाली आहे. ते गुपचूप कुठे डेटा पाठवतं का हे बघायचं तर कोड वाचा, आणि कोड वाचता येत नसेल तर वायरशार्क लावून वायरशार्कचंच ट्रॅफिक, म्हणजे त्याचा ये-जा करणारा डेटा, बघा, मी खरंच बघितलंय. अपडेट आलंय का एवढं विचारायला जातं, बाकी गप्प.

दुसरा मुद्दा जरा खोलात जाऊन बोलायचा आहे, कारण तो ऐकायला एकदम पटतो. घराचा नकाशा चोराला कशाला द्यायचा? पण 1883 सालीच ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या माणसाने लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहून ठेवलंय की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, लपवायची ती फक्त किल्ली. आज तुमची बँक डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायला जे एईएस वापरते ते असंच निवडलेलं आहे. एनआयएसटी या अमेरिकेच्या स्टँडर्ड ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 1997 मध्ये खुली स्पर्धा लावली, जगभरच्या लोकांनी एकमेकांचे अल्गोरिदम फोडायचा प्रयत्न केला आणि दोन बेल्जियन माणसांचं रिजनडाल टिकलं म्हणून 2001 ला तेच स्टँडर्ड झालं. आणि कोड झाकून ठेवला म्हणून वाचतं असं असतं तर 2017 च्या मे मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजची मशीनं लॉक केलीच नसती, विंडोजचा कोड काय आपल्या गल्लीत वाटलेला नव्हता.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा भक्तच दिसतोय. हार्टब्लीड. साइटशी होणारी देवाणघेवाण एन्क्रिप्ट करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधला बग, 2014 च्या एप्रिलमध्ये बाहेर आला, त्याआधी दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा पडलेला आणि कुणी बघितलं नाही. सगळे बघू शकतात याचा अर्थ कुणीतरी बघतंय असा होत नाही, सार्वजनिक नळासारखं आहे ते, गळतोय हे सगळ्यांना दिसतं आणि वायसर बदलायला कुणी येत नाही.

दुसरं उदाहरण 2024 च्या मार्चमधलं, एक्सझेड. लिनक्समध्ये फायली दाबून लहान करायची ही साधी लायब्ररी, एकच माणूस सांभाळत होता. जिया टॅन नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे कामं करून विश्वास कमावला आणि मग त्यात मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. पकडलं कुणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरने, तो पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं टेस्टिंग करत होता. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, आधी 0.299 सेकंद लागायचे ते 0.807 लागायला लागले, एवढंच. अर्धा सेकंद! आपण असतो तर नेट स्लो आहे म्हणून चहा घ्यायला गेलो असतो. हा गडी मागे लागला, खणत खणत लायब्ररीपर्यंत गेला आणि सगळं बाहेर काढलं. माझ्या मते यातली खरी मेख वेगळीच आहे, ती घाण सरळ वाचता येईल अशा कोडमध्ये नव्हतीच, टेस्टसाठी ठेवलेल्या, माणसाला सरळ वाचता न येणाऱ्या बायनरी फायलींमध्ये दडवली होती आणि ती चालू करणारा तुकडा फक्त रिलीजच्या पॅकेजमध्ये होता. का? कारण उघड्या कोडमध्ये टाकली असती तर कुणाच्या तरी नजरेत आली असती हे त्या चोरालाही माहीत होतं. मग हे उदाहरण फॉरवर्डवाल्याच्या बाजूचं की माझ्या, तुम्हीच ठरवा.

तिसरा मुद्दा, हॅकरची टूल्स, आत जाल. उचलली जीभ लावली टाळ्याला. आयटी ॲक्टचं कलम 43 वाचा, त्यात गुन्ह्याचं मूळ आहे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसणं, आणि तेच लबाडीने केलं तर कलम 66, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःच्या नेटवर्कवर एनमॅप चालवणं यात कुठेच बसत नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कवर मात्र परवानगी घ्या, मी क्लायंटकडून मेलवर घेतो, तोंडी नाही. उलट सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, 2022 च्या एप्रिलमध्ये काढलेल्या आदेशात म्हटलंय की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा आणि लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, 180 दिवस सांभाळा. आता नेटवर्कवर लक्षच ठेवायचं नाही म्हटल्यावर घटना लक्षात कशी येणार, स्वप्नात?

माझ्या आतेभावाचं सांगलीत टॅक्स रिटर्नचं ऑफिस आहे, पाच-सहा कॉम्प्युटर. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीच्या ऐन गर्दीत, नेट मरायचं. नेटवाला म्हणायचा लोड जास्त आहे, वरचा प्लॅन घ्या. दादाने दोनदा प्लॅन वाढवला, तिसऱ्यांदा वाढवणार तेवढ्यात मी गेलो. नुसता लॅपटॉप लावून उपयोग नसतो, स्विच तुम्हाला फक्त तुमचंच ट्रॅफिक देतो, म्हणून माझ्याकडचा एक जुना मॅनेज्ड स्विच मध्ये घातला, राउटरच्या पोर्टचं मिररिंग केलं, म्हणजे तिथून जाणाऱ्या सगळ्या डेटाची नक्कल माझ्या लॅपटॉपकडे वळवली, आणि वायरशार्क चालू. दहा मिनिटं पकडलं, कॉन्व्हर्सेशन्सची, म्हणजे कोण कुणाशी बोलतंय त्याची, यादी काढली, पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्यांच्या) संख्येवर सॉर्ट केली. एकच आयपी, नेटवर्कवरचा पत्ता, वरपासून खालपर्यंत. ब्राझील, व्हिएतनाम, कुठल्या कुठल्या पत्त्यांवर सारखे सिन पॅकेट, म्हणजे जोडणीसाठी दार ठोठावणं, सगळे पोर्ट 23 या एकाच दारावर, उत्तराची वाट न बघता पुढचा पत्ता. पोर्ट 23 म्हणजे टेलनेट, दूरून मशीन चालवायची जुनी पद्धत, ते आजकाल कोण वापरतं? तो आयपी एकाही कॉम्प्युटरचा नव्हता. मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा स्वतःचा नंबर, लिहून घेतला आणि शोधत शोधत माळ्यावर चढलो तर तिथे धूळ खात पडलेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, रेकॉर्डिंगचा डबा, स्टिकरवर तोच नंबर. एनमॅप मारलं, टेलनेट उघडं, पासवर्ड कंपनीने दिलेला तोच.

"अरे पण तो तर नुसतं रेकॉर्डिंग करतो ना?" दादा खालून शिडी धरून विचारतोय.

2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा केले आणि त्यांच्याकरवी, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला होता, अमेरिकेत ट्विटरसकट मोठमोठ्या साइट बंद पडल्या होत्या. त्याच जातीचं काहीतरी. फोनवर कॅमेरा दिसावा म्हणून कुणीतरी राउटरमध्ये पोर्ट उघडून दिलं होतं, तिथून आत आलेलं. रीबूट केलं की मेमरीतून जायचं आणि दार उघडंच असल्यामुळे पाच-दहा मिनिटांत परत हजर. पोर्ट बंद केलं, पासवर्ड बदलला, डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकला. नंतर दादाने प्लॅन परत खालचा घेतला. खर्च शून्य, म्हणजे माझ्या जेवणाचा सोडून.

चौथा मुद्दा पटकन. व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, बँकेची साइटही एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेडच चालते, आणि एसएमएसवर येणारा ओटीपी बहुतेक वेळा मोबाइलच्या टॉवरवरून येतो, त्याचा तुमच्या वायफायशी संबंधच नाही. वायफायवर ऐकत बसलेल्याला बहुतेक वेळा फार तर तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते नाव दिसू शकतं. तेही खुपत असेल तर वायफायचा पासवर्ड बदला, फ्लॅट नंबर आणि 123 हा पासवर्ड नव्हे.

पाचवा, पैसे भरले की जबाबदारी कंपनीची. इथे मला हसावं की रडावं कळेना. 2020 च्या डिसेंबरमध्ये सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीचं ओरायन प्रकरण बाहेर आलं. ओरायन हे नेमकं नेटवर्क मॉनिटरिंगचंच, चांगले पैसे मोजून घ्यायचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या अधिकृत अपडेटमधूनच मागचं दार जवळपास 18,000 ग्राहकांकडे गेलं, त्यात अमेरिकन सरकारची खाती. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या, तेही पैसे भरून घ्यायच्या, सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट आलं आणि विंडोजची 85 लाख मशीनं निळ्या स्क्रीनवर बसली, आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते फोटो याच ग्रुपवर फिरले होते. आणि लायसनमधला बारीक मजकूर एकदा वाचून बघा, नुकसान झालं तर कंपनी बहुतेक वेळा भरलेल्या फीइतकंच देणं मान्य करते, तुमचा बुडालेला धंदा नाही. दुसरीकडे स्नॉर्ट, हे फॉरवर्डमधलं "फालतू फुकट" सॉफ्टवेअर, मार्टिन रोशने 1998 ला लिहिलेलं, त्याभोवती उभी राहिलेली सोर्सफायर कंपनी सिस्कोने 2013 मध्ये 2.7 अब्ज डॉलरला घेतली. क्लॅमएव्हीही त्याच सौद्यात सिस्कोकडे आलं.

तरी या पाचव्या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती फॉरवर्डवाल्याला नीट मांडता आली नाही. फुकट टूल लावलं की फोन उचलणारा कुणी नसतो. डीव्हीआरच्या भानगडीनंतर मी दादाकडे एका जुन्या डेस्कटॉपवर सुरिकाटा बसवून दिलं, आत येणारं-जाणारं ट्रॅफिक तपासून इशारे देतं ते. पहिल्याच दिवशी हजारभर इशारे, त्यातले बहुतेक निरुपयोगी, प्रिंटरने हाय म्हटलं तरी बोंब. संध्याकाळभर बसून नियम कमी केले, दादाला म्हटलं रोज सकाळी एकदा बघ, तो हो म्हणाला. तीन महिन्यांनी दिवाळीला गेलो तर डेस्कटॉपचा दिवा चालू, पंखा चालू, पण डिस्क काठोकाठ भरलेली आणि शेवटचा लॉग सात आठवड्यांपूर्वीचा. जुने लॉग आपोआप काढून टाकणारं लॉगरोटेट लावायचं मीच विसरलो होतो. दादा म्हणाला, "मला वाटलं आता काही येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे."