लांब स्टड बसवले म्हणजे स्पेसर निर्धोक झाला का?

चाक आणि हब (ज्यावर चाक बसते तो फिरता भाग) यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे धातूची चकती, बसवून गाडी रुंद दिसावी, यासाठी एक मजकूर सध्या मोबाइलवरून फिरत आहे. त्याचे म्हणणे असे की, लांब स्टड (हबमधून बाहेर येणारे, चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आटेदार खुंटे) बसवले की कोणत्याही जाडीचा स्पेसर सुरक्षित होतो आणि ५ मिलिमीटरपर्यंत तर तेही लागत नाहीत. बेअरिंगवरचा भार वाढत नाही. गाडी वळणावर चिकटून धावते. आणि पोर्शसारखी कंपनी स्वतः स्पेसर विकते, तेव्हा आरटीओने हरकत घेण्याचे कारणच नाही.

यातले सर्वांत घातक विधान ५ मिलिमीटरचे आहे. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांचे स्टड १२ मिलिमीटर व्यासाचे असून त्यांच्या दोन आट्यांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर असते. नटात गुंतलेल्या आट्यांची लांबी निदान स्टडच्या व्यासाइतकी असावी, या सर्वमान्य नियमाप्रमाणे तिथे नटाचे साडेनऊ फेरे बसायला हवेत, आणि ५ मिलिमीटरचा स्पेसर त्यातले चार फेरे खाऊन टाकतो. पाना अडला म्हणजे नट बसला, असे नव्हे; उरलेले थोडे आटे गॅरेजमध्ये ताण सहन करतात आणि पुढे रस्त्यावर सुटतात. नट हाताने फिरवत फेरे मोजणे ही बिनखर्चाची परीक्षा आहे, पण ती करताना मी फार थोड्यांना पाहिले आहे.

लांब स्टडने हा प्रश्न सुटतो, मात्र एवढाच सुटतो. चाक स्टडवर लटकलेले नसते; स्टड आणि नट त्याला हबवर दाबून धरतात आणि त्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण गाडीचा भार पेलते. स्पेसर आल्यावर असे सांधे एकाऐवजी दोन होतात, आणि त्यांत गंज, रंग किंवा माती राहिली असेल तर ती दबली जाऊन पकड सैल पडते. म्हणूनच बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासावे लागतात. शिवाय बहुतेक गाड्यांत हबच्या मधल्या उंचवट्यावर रिमचे भोक तंतोतंत बसून चाक केंद्रात राहते. फोक्सवॅगन पोलोमध्ये ते भोक ५७.१ मिलिमीटरचे असते. जाड स्पेसर हा उंचवटा झाकून टाकतो, आणि त्याला स्वतःचा तेवढ्याच मापाचा उंचवटा नसेल तर चाक किंचित एका बाजूला बसते व स्टिअरिंग थरथरते. अनेक गाड्यांना चालावा म्हणून लांबट भोके पाडलेला स्वस्त स्पेसर इथेच फसतो. (पोलोला मुळात स्टड नसतात, बोल्ट असतात, तिथे ‘लांब स्टड बसवा’ हा सल्लाच लागू पडत नाही.)

स्टड बदलण्याची रीतही महत्त्वाची आहे. स्टडच्या मानेवरचे दाते हबच्या भोकात घट्ट रुतावे लागतात. ते माप थोडे कमी असेल तर पुढे नट सोडताना आख्खा स्टड फिरतो, आणि प्रेसवर दाबून बसवण्याऐवजी नट लावून एअर गनने खेचला तर नव्या स्टडचे आटे पहिल्याच दिवशी ताणले जातात.

बेअरिंगविषयीचा युक्तिवाद असा आहे की, ४५ ऑफसेटच्या रिमला (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर) २० मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे २५ ऑफसेटचे रिमच. हे खरे आहे, पण तसे रिमही त्या बेअरिंगवर जास्त भार टाकतेच, त्यामुळे या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. चाक बाहेर सरकल्याने स्टिअरिंगच्या अक्षापासूनचे त्याचे अंतरही वाढते. पावसाळ्यात एका बाजूचे चाक पाण्यात असताना ब्रेक दाबला तर गाडी अधिक जोराने एका अंगाला ओढली जाते.

वळणावरची पकड थोडी वाढते, हे मान्य. दोन चाकांमधले अंतर सुमारे १५०० मिलिमीटर असलेल्या गाडीला दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटरचे स्पेसर लावले तर ते अंतर २ टक्क्यांनी वाढते. झिजलेले टायर बदलल्याने याहून अधिक फरक पडेल.

राहिला पोर्शचा दाखला. ती कंपनी ५ मिलिमीटरचे स्पेसर ठरावीक गाड्यांसाठी विकते आणि त्यांच्यासोबत लांब बोल्ट देते, म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंत लांब स्टड लागत नाहीत, हे मजकुरातले विधान ती खोडून काढते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.