अशी नाही, अशी पकड!

मनगट सोडवण्याचा सराव चालू होता. दोन रांगा समोरासमोर. एका रांगेने मनगट धरायचं, दुसरीने हात अंगठ्याच्या बाजूला फिरवून सोडवून घ्यायचा. हा प्रकार मी हजारो वेळा शिकवला आहे. त्या दिवशी रांगेत एक नवीन मुलगी होती, १४ वर्षांची, क्लासला येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. तिने समोरच्या ब्राऊन बेल्टवाल्या ताईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि तिला ओढत सरळ मागे चालायला लागली. ताई अडखळली. हात काही सुटेना. मी सवयीने पुढे झाले आणि म्हणाले, "अशी नाही, अशी पकड. एकाच हाताने. आणि ओढू नकोस, जागेवर उभी राहा."

तिने ऐकलं. हात लगेच सुटला. मग तिने मला विचारलं, "पण मॅडम, ओढायचंच नसेल तर तो हात धरेल कशाला?"

मी गेली २२ वर्षं कराटे शिकवते. या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि घरी गेल्यावरही तो मनातून जाईना. कोणी कोणाचं मनगट धरतं ते ओढून न्यायला, नाहीतर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मारायला. आम्ही मात्र वर्षानुवर्षं असा हल्लेखोर समोर उभा करत होतो ज्याला काहीच नको आहे. तो येतो, मनगट धरतो आणि आपण सोडवण्याची वाट बघत थांबतो. आणि एखाद्या मुलीने खऱ्यासारखं धरलं, तर चूक तिची ठरवून आम्ही तिला सुधारतो!

त्या दिवसापासून क्लासमध्ये बरंच काही बदललं. त्याबद्दल आज सविस्तर लिहायचं आहे, कारण "मुलीला स्वसंरक्षण शिकवायचंय, कराटेला घालू का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि त्याचं प्रामाणिक उत्तर नुसतं 'हो' असं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तंत्र खोटं नाही. पकड अंगठ्याच्या बाजूलाच कच्ची असते, ते खरंच आहे. खोटा असतो तो जोडीदार. म्हणजे त्याला आम्हीच तसं वागायला शिकवतो. इप्पोन कुमिते, म्हणजे आधी ठरवलेल्या एकाच हल्ल्याची जोडीतली लढत, आठवा. समोरचा एक पाऊल पुढे टाकून पंच मारतो आणि तो हात तसाच हवेत ताणून ठेवतो. मग आपण ब्लॉक करतो, दोन पंच मारतो, पाय लावून पाडतो, आणि तो हात अजून तिथेच असतो. मारलेला हात कोणी असा समोर ठेवत नाही. तो परत ओढला जातो आणि दुसरा येतो, तिसरा येतो. शिवाय खरा भांडणारा माणूस एवढ्या लांबून सुरुवात करत नाही. तो आधी तोंडाशी येतो, बोट नाचवतो, छातीवर धक्का देतो, कॉलर धरतो.

हे काही नवीन शहाणपण नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले धोकादायक प्रकार त्यांनी कातापुरते, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींपुरते, बाजूला ठेवले. उरलेल्या प्रकारांचा सराव पूर्ण ताकदीने, रोज, विरोध करणाऱ्या माणसावर करता येत होता. यालाच रांदोरी म्हणतात. डोळ्यात बोट घालण्याचा सराव कोणी जिवंत जोडीदारावर पूर्ण जोराने करू शकत नाही, म्हणून तो हवेतच राहतो. एखादी साधी फेक मात्र हजार वेळा खऱ्या विरोधात करता येते, आणि वेळ आली की तीच हाताशी येते. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली. तिथे ब्राझिलियन जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, तेही स्वतःपेक्षा दांडग्या माणसांशी. त्यावरून अनेकांनी अर्थ काढला की जमिनीवरची कुस्तीच सर्वात श्रेष्ठ. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याचा रोजचा सरावच अशा माणसांबरोबर होता जे त्याला जिंकू द्यायला तयार नव्हते.

तर आम्ही मनगटापासूनच सुरुवात केली. पकडणाऱ्या मुलीला एक काम दिलं: हिला या भिंतीपासून त्या दारापर्यंत न्यायचं. बस्स. कसं धरायचं ते तुझं तू ठरव. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्या जणी दारापर्यंत ओढल्या गेल्या. ब्राऊन बेल्टसुद्धा. वर्गात शांतता पसरली होती आणि मला स्वतःला फार वाईट वाटलं, कारण यातल्या काही जणींच्या बेल्टच्या परीक्षा मीच घेतल्या होत्या.

पण मग त्या शोधायला लागल्या. हात सोडवायला अगदी सुरुवातीचा क्षण मिळतो, समोरच्याचं वजन मागे जायच्या आत. तो क्षण गेला की नुसता हात पिळून उपयोग नसतो. आपण मागे ओढत राहिलो तर ती रस्सीखेच होते आणि रस्सीखेचीत वजनदार माणूस जिंकतो. एका मुलीला आपोआप सापडलं की तो ओढतोय त्याच दिशेने, उलट त्याच्याहून जोरात, आत जायचं. त्याचा तोल मागे असतो. आपण आत घुसलो की कोपर त्याच्या छातीला किंवा हनुवटीला पोचतं, गुडघा लागतो, आणि मग पकड आपोआप ढिली होते. मी हे आधी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरून गेली असती. तिने ते ओढली जात असताना शोधलं, त्यामुळे ते तिच्या अंगात मुरलं.

विरोध एकदम पूर्ण ठेवायचा नाही, हेही त्याच आठवड्यात कळलं. आधी सावकाश, मग अर्ध्या जोराने, मग समोरचीला आपलं काम खरोखर पूर्ण करू द्यायचं. नाहीतर नवीन मूल घाबरून क्लासच सोडतं.

यात काताचा अपमान नाही. कित्येक जण 'प्रॅक्टिकल' म्हणत काता फेकून देतात, ते मला पटत नाही. कराटेचे जुने गुरू आंको इतोसू यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांमध्ये कराटे नेलं. त्यांच्या १९०८ च्या पत्रात कराटेचा हेतू सांगितला आहे तो असा, की अचानक एखादा गुंड समोर आला तर इजा होऊ न देता स्वतःला वाचवता यावं. कुमितेच्या स्पर्धेचा विचार तिथे नाही. कातामध्ये एक हात पुढे जाताना दुसरा कमरेशी येतो, ते हिकिते. मुलांना आपण सांगतो, "हात कमरेला नीट लाव." पण त्या मुठीत समोरच्याचा हात किंवा कपडा धरलेला आहे आणि तो आपल्याकडे ओढला जातोय, असं समजून जोडीदारावर करून बघा. त्या रिकाम्या मुठीला लगेच अर्थ येतो. बुंकाई, म्हणजे काताच्या हालचालींचा जोडीदारावर लावलेला अर्थ, जवळून, झटापटीत आणि विरोधासकट करायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

आता त्याहून अवघड भाग.

आम्ही एक जाड पॅडिंगचा सूट आणि मोठं हेल्मेट आणलं. ही कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'मॉडेल मगिंग' नावाने हे प्रशिक्षण सुरू झालं. पॅडिंग घातलेला माणूस हल्ला करतो आणि त्याला पूर्ण जोराने मारता येतं. आमचा एक सीनियर विद्यार्थी सूट घालून उभा राहिला. त्याला सांगितलं होतं की लगेच हात लावायचा नाही. आधी वेळ विचार, मग जवळ ये, मग आवाज चढव, शिव्या दे.

समोर आमची ब्लॅक बेल्ट मुलगी होती. स्पर्धांमध्ये पदकं मिळवलेली, पायाचा वेग असा की पॅड धरणाऱ्याचे हात बधिर व्हावेत. तो तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येऊन ओरडायला लागला आणि ती नुसती उभी राहिली. हात खाली, बोटं अर्धवट मिटलेली, श्वास अडकलेला. मी बाजूने म्हणत होते, "हात वर घे, मागे सरक." तिने काहीच केलं नाही. नंतर पाणी पीत म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाजच आला नाही मला."

तिने खोटं सांगितलं नाही. अ‍ॅड्रेनालिन चढलं की असंच होतं. नजर आक्रसते, कानावर पडलेलं आत पोचत नाही, बोटांची नाजूक कामं बिघडतात. म्हणून अशा वेळी सांधा पिळून अडकवायचं बारा पायऱ्यांचं लॉक कामाचं नाही. तळहाताने मारणं, कोपर, गुडघा, ढकलणं, पळणं, अशी मोठी आणि साधी हालचाल टिकते. आणि टिकते तीसुद्धा त्या अवस्थेत करून बघितलेली असेल तरच. त्या मुलीने पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग पुन्हा केला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिचे दोन्ही हात छातीसमोर आले, तळवे उघडे, आणि तोंडातून आवाज फुटला. आवाज फुटला की श्वासही सुटतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

आमच्याकडे वर्षानुवर्षं सराव सुरू व्हायचा तो वाकून नमस्कार केल्यावर. दोघांनाही माहीत असायचं की आता लढायचं आहे. खरा प्रसंग त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो, बोलण्यात, अंतरात, कोण दाराच्या बाजूला उभं आहे यात.

आणि हल्ला करणारा बहुतेक वेळा अंधारातला अनोळखी माणूस नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या साधारण ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, आणि त्यातली बरीचशी नवऱ्याकडून किंवा प्रियकराकडून. तरी आपण मुलींना शिकवतो काय, तर मागून येऊन गळा दाबणाऱ्या अनोळखी माणसाला कसं फेकायचं!

कॅनडातल्या तीन विद्यापीठांमध्ये पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात प्रशिक्षण न मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण मिळालेल्यांमध्ये ५.२ टक्के. फक्त १२ तास! त्यात शारीरिक बचाव होताच, पण ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका वेळेवर ओळखणं आणि त्याला विरोध करताना मनात येणारा संकोच ओलांडणं यावरही तेवढाच भर होता.

हे वाचल्यावर मी एक सराव सुरू केला. सूट नाही, हेल्मेट नाही. समोरचा हसतमुख, ओळखीचा. तो गप्पा मारत शेजारी बसतो आणि खांद्यावर हात ठेवतो. मुलीने फक्त म्हणायचं, "हात काढ." पहिल्यांदा सगळ्या जणी हसल्या. मग "प्लीज" जोडलं, मग "अरे, असू दे ना" म्हणाल्या, मग नजर खाली गेली. पंच मारायला न डगमगणाऱ्या मुलींना दोन शब्द जड गेले. आता प्रत्येक तासाला दहा मिनिटं हेच असतं, आणि मुलग्यांनाही, कारण "हात काढ" ऐकल्यावर हात काढायचा सरावही कोणीतरी करून घ्यायला हवा.

चाकूबद्दल थोडक्यात आणि ठामपणे. डेनिस टुलर या अमेरिकी पोलिस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये मांडलं की चाकूवाला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. रबरी चाकू हळूच पुढे करायचा आणि तो काढून घेतला की टाळ्या, ही प्रात्यक्षिकं बंद व्हावीत असं माझं स्पष्ट मत आहे. जोडीदाराच्या हातात चाकूऐवजी मार्कर द्या, पांढरा टी-शर्ट घाला, आणि अर्ध्या मिनिटाने अंगावरच्या रेघा मोजा. मुलांना कळतं की पाकीट देऊन पळणं का शिकवतोय.

खरेपणाच्या नावाखाली मारहाण करणारे क्लासही आहेत, त्यांच्याबद्दल मला तितकाच राग आहे. डोक्यावर वारंवार मार बसणं हा सराव नव्हे, ती इजा आहे. माउथगार्ड हवा, थांबण्याचा शब्द हवा आणि तो उच्चारताच सगळं थांबायला हवं. कोणावर पूर्वी काही प्रसंग गुदरलेला असू शकतो. आपल्याला माहीत नसतं. म्हणून सूटच्या राउंडमधून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा हवी, कारण न विचारता.

आणि राउंड शेवटच्या फटक्यावर संपवू नका. पडलेल्या माणसाला मारत राहणं बचावात बसत नाही, आणि पळायची वेळही त्यात वाया जाते. आमच्याकडे मूल दाराबाहेर गेलं आणि मोठ्याने मदतीसाठी हाक मारली की राउंड संपतो.

क्लास निवडणाऱ्या पालकांना एवढंच सांगेन की ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल हे विचारण्याआधी एक तास बसून बघा. समोरचा जोडीदार कधीतरी ऐकत नाही का? एखादं तंत्र फसतं का, आणि फसल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात? तासभरात एकदाही काही फसलं नाही, तर विचार करा.

ती १४ वर्षांची मुलगी आता पंधराची आहे. गेल्या महिन्यात तिचा सूटचा पहिला राउंड होता. आतल्या विद्यार्थ्याला मी एक सूचना दिलेली असते: तुला खरोखर थांबावंसं वाटलं, तरच थांब. तो बोलत बोलत जवळ आला. तिने हात वर घेतले, अर्धं पाऊल तिरकं दाराकडे टाकलं आणि म्हणाली, "तिथेच थांब." आवाज चिरका होता, पण भिंतीपर्यंत पोचला. तो थांबला. ती त्याच्यावरची नजर न काढता मागे मागे गेली, दाराबाहेर पडली, हाक मारली.

परत येऊन तिने विचारलं, "मॅडम, मी मारलंच नाही. हा राउंड धरायचा का?"

"धरायचा," मी म्हणाले, आणि रांगेतल्या पुढच्या मुलीने माउथगार्ड तोंडात घातला.