चव लहानपणीच लागावी लागते?

जर्मनीतल्या सॉसेज (आतड्यात मांस भरून केलेला पदार्थ) महोत्सवांवरच्या लेखात ‘अशी चव लहानपणीच लागावी लागते’ असं म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. आमच्या सोलापुरात रविवारी घरोघरी वजडी, म्हणजे बोकडाचं पोट-आतडं, शिजते. पुण्याहून आलेल्या माझ्या सुनेनं सुरुवातीला वासानंच नाक मुरडलं होतं. आता तीच बोकडाची वजडी गरम पाण्यात बुडवून, सुरीनं खरवडून पांढरीशुभ्र करते, काळा मसाला सढळ हातानं घालते आणि रश्शात कडक भाकरी चुरून खाते. वास जातो तो या खरवडण्यानं. तिथं आळस केला की संपलं!

आणि लेखात साऊमागन कसा राहिला? डुकराच्या जठरात मांस-बटाटा भरून केलेला हा जर्मनीतल्या प्फाल्झ भागाचा पदार्थ तेव्हाचे जर्मन चान्सलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल यांनी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनाही अभिमानानं वाढला होता.