एकोणिसाची चोवीस

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या दुचाकीवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हटकून फिरायला लागतो. यंदा तो मला तीन जणांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा आतेभाऊ. मेसेज लांबलचक आहे, मथितार्थ एवढाच: हिरोच्या एक्सपल्ससारखी छोटी ड्युअल-स्पोर्ट (डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणारी) गाडी कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलेली असते. फ्री-फ्लो सायलेन्सर, हाय-फ्लो एअर फिल्टर, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) रिमॅप, इरिडियम प्लग आणि शंभर ऑक्टेनचं पेट्रोल एवढं केलं की तीस हजारांत एकोणिसाची चोवीस हॉर्सपॉवर. स्प्रॉकेटला (चेनच्या दाती चक्राला) हात लावू नका, टॉप स्पीड जातो. सस्पेन्शनवर खर्च म्हणजे नुसती शोबाजी. पोलिसांना घाबरू नका, डीबी किलर (आवाज दाबणारी नळी) बसवला की सायलेन्सर कायदेशीर. आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर म्हणजे नुसता डबा, तो भंगारात द्या.

मी सोवळ्यातला माणूस नाही. यातले निम्मे उद्योग मी स्वतः करून बसलोय, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट शोधत अख्खे रविवार घालवलेत. म्हणूनच लिहितोय.

आधी तो चोवीसचा आकडा. एक्सपल्स २०० फोर-व्ही ८५०० आरपीएमला १९.१ पीएस (हॉर्सपॉवरचंच मेट्रिक माप) देते. तिच्या आधीची दोन व्हॉल्व्हची बीएस-६ गाडी १८ पीएसच्या आसपास होती. म्हणजे कंपनीने २०२१ साली अख्खं सिलिंडर हेड नवं केलं, दोनाचे चार व्हॉल्व्ह केले, त्यावर इंजिनिअर बसवले, टेस्टिंग केलं, आणि पदरात पडला जेमतेम एक पीएस. आणि मेसेजवाला म्हणतो की गॅरेजमध्ये दोन तासांत पाच मिळतात! याच मापाचं २०० सीसीचं इंजिन २५ पीएस देतं हे खरं आहे. ते केटीएमच्या ड्यूक २०० मध्ये आहे. पण त्याला पाण्याचं कूलिंग आहे, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आहेत आणि ती ताकद १०,००० आरपीएमला निघते. आपलं इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारं. त्याच्याकडून ८५०० लाच चोवीस पीएस काढायचे तर त्या फेऱ्यांवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १५.८ न्यूटन मीटरवरून १९.८ वर न्यावा लागेल, म्हणजे दर श्वासाला पाव पट जास्त हवा आत घ्यावी लागेल. पाइप बदलून ती येत नाही. ती कॅम, पोर्टिंग, कॉम्प्रेशन असल्या उघड्या शस्त्रक्रियेने येते.

‘पण मला फरक जाणवला ना!’ हे उत्तर मला दर वेळी मिळतं, आणि जाणवतो हे खोटं नाही. मीही फ्री-फ्लो बसवून पहिल्यांदा ॲक्सिलरेटर पिळला तेव्हा गाडी उधळल्यासारखी वाटली होती. मग आतेभाऊ आणि मी एका रविवारी पहाटे जुन्या खंडाळा घाटाच्या चढावर दोन्ही गाड्या घेऊन गेलो. त्याची कंपनीच्या सायलेन्सरची, माझी फ्री-फ्लोवाली, बाकी दोन्ही सारख्या. तिसऱ्या गिअरमध्ये बरोबरीने निघायचं, मग गाड्या अदलाबदल करून पुन्हा. दर वेळी जो पुढे गेला तो आतेभाऊ. गाडी कुठलीही असो. त्याचं वजन माझ्यापेक्षा अकरा किलो कमी आहे.

कानाला मोठा आवाज आला की मेंदू त्याला वेग समजतो, एवढंच त्या ‘फरका’त होतं. उलट बऱ्याच फ्री-फ्लो पाइपांत खालच्या फेऱ्यांवरची ओढ थोडी कमीच होते, कारण मूळ पाइपची लांबी आणि पोकळी त्याच पट्ट्यासाठी ठरवलेली असते. आणि छोट्या ड्युअल-स्पोर्टवर आपण जगतो ते त्याच पट्ट्यात. राजमाचीच्या चिखलात ८५०० आरपीएमला कोण फिरवतो?

डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनच्या, कागदाचंही एक सांगतो. मेसेजसोबत असे दोन कागद फिरतात, आधीचा आणि नंतरचा. नुसत्या हवेनेच आकडा किती हलतो ते बघा. २५ अंशांची हवा ३५ अंशांवर गेली की ती तीन टक्क्यांहून अधिक विरळ होते, म्हणजे एकोणिसातला अर्धा पीएस गेला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी. म्हणजे घाट चढता चढताच मेसेजमधल्या सायलेन्सरने जे काही दिलं असेल ते, आणि वर थोडं पदरचं, उडून जातं. इंजेक्शनवाली गाडी मिश्रण सांभाळून घेते, पण नसलेली हवा कुठून आणणार? दोन कागदांवर तापमान, दाब आणि करेक्शन सारखं नसेल तर त्या दोन आकड्यांची तुलना म्हणजे मे महिन्यातल्या लोकलची जानेवारीतल्या लोकलशी.

एअर फिल्टर. तेलाळ कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, हा त्याचा खरा फायदा, आणि तो मला मान्य आहे. पण मूळ पेपर फिल्टर १९ पीएसच्या इंजिनाला गुदमरवत नसतो. गुदमरतो तो कोकणातली लाल धूळ बसलेला, दहा महिने न बदललेला फिल्टर. तो बदला आणि मग नव्या फिल्टरच्या नावाने पाच हॉर्सपॉवर मोजा. मी मोजतो तेव्हा हसू येतं.

रिमॅपचा मुद्दा मात्र थोडा सबुरीने घ्यायला हवा, कारण इथे मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. हलक्या ॲक्सिलरेटरवर ईसीयू त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो आणि मिश्रण १४.७ ला एक या प्रमाणाजवळ ठेवतो. कॅट-कॉनला, म्हणजे धुरातले विषारी वायू मोडणाऱ्या जाळीला, तेच लागतं. पण ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की तो सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्यावर चालतो. तुम्ही मोकळा पाइप आणि मोकळा फिल्टर लावला तर या दुसऱ्या अवस्थेत हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन. इंजिन तापतं, हलक्या हातावर झटके देतं, ॲक्सिलरेटर सोडला की फटाके वाजतात. त्यावर ईसीयूला जोडायचा पिगीबॅक बॉक्स लावून पेट्रोल वाढवलं की गाडी खरंच मऊ होते, शहरात हाफ क्लचवर कमी त्रास देते. हे मी मान्य करतो. फक्त नीट बघा काय झालं: सायलेन्सरने केलेली खोट बॉक्सने भरून काढली. मूळ सायलेन्सर तसाच ठेवला असता तर बॉक्सचे पैसेही हातात राहिले असते.

यात आता इथेनॉलची भर. मुंबईच्या पंपांवर मिळतं ते साधं पेट्रोल बहुतेक ई-२० असतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी आणि पेट्रोलच्या मानाने इंधन जास्त लागतं. जुन्या ट्यूनिंगची गाडी आधीच लीनकडे झुकलेली असते. तिला मोकळा पाइप म्हणजे उपाशी माणसाला व्यायाम.

इरिडियम प्लग आणि शंभर ऑक्टेन एका दमात उरकतो. इरिडियमचं टोक जास्त दिवस टिकतं, ठिणगी आयुष्यभर तशीच राहते. ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ‘पॉवर’ नव्हे, दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता. दहाच्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या, कंपनीनेच साध्या पेट्रोलवर चालवायला दिलेल्या इंजिनात ती जादा क्षमता वापरणारं कुणी नाही. डोंबिवली ते चर्चगेट फर्स्ट क्लासचा पास काढून दारात लटकायचं, त्यातला प्रकार.

आता स्प्रॉकेट, ज्याला मेसेजवाल्याने हात लावू नका म्हटलंय. माझ्या मते या अख्ख्या यादीत चाकाला खरोखर जास्त ओढ देणारी वस्तू हीच, आणि ती काही शे रुपयांची. समजा पुढे १३ दाती, मागे ४० दाती. गुणोत्तर ३.०८. पुढचं १२ चं केलं की ३.३३. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला सव्वाआठ टक्के जास्त ओढ. इंजिनाची ताकद तेवढीच, फक्त ती हवी तिथे येते: ताम्हिणीतल्या दुसऱ्या गिअरच्या वळणावर, डबलसीट भिवपुरीच्या चढावर. याची किंमतही आहे, ती लपवत नाही. त्याच वेगाला इंजिन सहा हजारांवर फिरत असेल तर आता साडेसहा फिरेल, हायवेवर हाताला झिणझिण्या जास्त. छोट्या चाकाभोवती चेन जास्त वाकते, लवकर झिजते, स्विंगआर्मच्या रबराला जास्त घासते. ते रबर दर सर्व्हिसला बघत जा.

राहिला टॉप स्पीड. तो मुंबईत नेमका लावायचा कुठे, हे कुणी सांगेल का? वांद्रे-वरळी सी लिंकवर आपल्याला बंदी. ईस्टर्न फ्रीवेवर बंदी. कोस्टल रोडवर बंदी. अटल सेतूवर बंदी. पुण्याला जायचं तर एक्स्प्रेसवेवर बंदी, आपण आपले पनवेल-खोपोलीच्या जुन्या रस्त्याने ट्रकच्या मागे. या शहराने दुचाकीवाल्यासाठी वेगाची सगळी दारं एकेक करून लावून घेतलीत. उरलाय तो सायन सर्कल ते घाटकोपर, आणि तिथे टॉप स्पीड ठरवतो पुढचा रिक्षावाला.

सस्पेन्शन म्हणजे शोबाजी, या वाक्यावर तर मी मेसेज खाली ठेवला आणि चहा घेतला. याच गाडीची रॅली किट कंपनीने २०२० साली ३८,००० रुपयांना काढली होती. त्यात काय होतं? पूर्ण ॲडजस्ट होणारं पुढचं-मागचं सस्पेन्शन, पुढे १९० ऐवजी २५० मिलिमीटर आणि मागे १७० ऐवजी २२० मिलिमीटरचा प्रवास, रॅलीचे टायर, सपाट सीट, हँडल वर घेणारे रायझर. इंजिनाची ताकद वाढवणारा एकही पार्ट नाही. ज्यांची टीम डकार रॅलीत धावते त्यांनी स्वतःच्या गाडीला वेगवान करायचं ठरवलं आणि अडतीस हजार कुठे लावले ते बघा.

पण तेही सगळ्यांना लागत नाही. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) आपल्या वजनाला जुळवायला एक पैसा लागत नाही, आणि दहातल्या आठ जणांनी शोरूममधून गाडी आणल्यापासून तो फिरवलेला नसतो. टायरच्या बाबतीत मात्र एक सावध करतो: फोटोत छान दिसतात म्हणून मोठ्या गोट्यांचे टायर लावून रोज ऑफिसला जाऊ नका. मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, ओले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, या तिन्हींवर ते साबणासारखे सरकतात. मी हिंदमाताच्या सिग्नलला आडवा झालोय, कपड्यांच्या दुकानातला पोरगा उचलायला आला आणि आधी गाडी उचलली.

डीबी किलरने सायलेन्सर कायदेशीर होतो, हे साफ खोटं. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि ती कंपनीच्या सायलेन्सरसकट अख्ख्या गाडीची चाचणी करून ठरते. भोकात नळी खुपसल्याने ती चाचणी होत नाही. पार्टवर ‘फक्त ऑफ-रोडसाठी’ असा शिक्का असेल तर तो विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, तुमच्या नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. कलम ५२ मधले गाडीतल्या बदलांचे नियम वेगळेच. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिनाचा बोअर वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मुंबईत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडलेलेही आपण पाहिलेत. आणि कायदा सोडा, पहाटे साडेचारला ट्रेकला निघताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन जे बोलल्या ते कुठल्याही चलानापेक्षा महाग पडलं. त्याच आठवड्यात मी मूळ सायलेन्सर परत बसवला.

आतेभावाला ते जमलं नाही. घाटातल्या त्या रविवारनंतर, सगळं डोळ्यांनी पाहूनही, पठ्ठ्याने फ्री-फ्लो घेतलाच, आणि मेसेजचं ऐकून ‘डबा’ भंगारवाल्याला दिला. भंगारवाल्याने घासाघीस न करता, वर पन्नास रुपये जास्त देऊन तो उचलला, तेव्हाच शंका यायला हवी होती. अशा डब्याच्या पोटात बऱ्याचदा कॅट-कॉन असतं, आणि कॅट-कॉनच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असतो. भंगारवाल्याला ते माहीत होतं. आतेभाऊ आता सेकंडहँड मूळ सायलेन्सर शोधतोय.