वहिनींची कवटी आणि कलिंगड

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा तो माझ्या थोरल्या वहिनींनी टाकला, 'तू फिजिओ ना, सांग बघू' अशी पुरवणी जोडून. विषय क्रेनिओसॅक्रल थेरपी. मजकूर थोडक्यात असा: आपल्या कवटीची हाडं श्वासासारखी हलतात. मेंदूतल्या पाण्याला स्वतःची लय असते, ती बिघडली की अर्धशिशीपासून ऑटिझमपर्यंत काहीही होतं. शिकलेले हात ती लय ओळखतात आणि नाण्याच्या वजनाएवढ्या स्पर्शानं सुधारतात. अमेरिकेतल्या विद्यापीठात हे सिद्ध झालंय. गोळ्या सुटतात, अपाय शून्य, तान्ह्या बाळालाही चालतं. खाली अलकापुरीतल्या एका केंद्राचा नंबर.

वहिनींनी तोवर दहा बैठकांचे पैसे भरलेही होते. एका बैठकीला मी सोबत गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी उताणं झोपायचं. बाई डोक्याशी स्टुलावर बसतात, दोन्ही हातांची ओंजळ मानेखाली सरकवतात आणि तशाच बसून राहतात. मग हात कपाळावर, मग कमरेखाली, माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं त्याच्यावर. दाबणं नाही, चोळणं नाही, तेल नाही. पंखा बेतानं फिरत होता. वीस मिनिटांत वहिनी घोरायला लागल्या.

आता मेसेजकडे.

'कवटीची हाडं श्वासासारखी हलतात.' ही कल्पना विल्यम सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथची, म्हणजे हाडं-सांधे हातांनी हाताळून उपचार करणाऱ्याची. 1899च्या सुमारास, विद्यार्थी असताना, सुटी केलेली कवटी बघताना त्यांना कानशिलाच्या हाडांच्या तिरप्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या दिसल्या. कल्ले हलतात, म्हणजे ही हाडंही हलत असणार, असा तर्क त्यांनी बांधला. गोधडीच्या टाक्यावरून शिवणाऱ्याच्या मनातलं ओळखावं, तसा हा प्रकार. कवटीच्या हाडांमधल्या सांध्यांना शिवणी म्हणतात, आणि मोठ्या माणसात त्या करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत घट्ट अडकलेल्या असतात; वय वाढतं तशा बऱ्याच जागी हाडानंच बुजत जातात. अगदी सूक्ष्म लवचीकपणा त्यांच्यात राहतो, नाही असं नाही. पण तो केस आणि कातडीवरून बोटांना जाणवेल, आणि पाच ग्रॅमच्या स्पर्शानं बदलेल? 2006 साली अमेरिकेत सशांच्या कवटीवर 5 ते 20 ग्रॅमचा ताण देऊन हेच पाहिलं गेलं. शिवण हलली नाही, आतला दाबही बदलला नाही. आणि सशाची कवटी आपल्यापेक्षा किती नाजूक!

'मेंदूतल्या पाण्याला स्वतःची लय असते.' पाणी आहे, हे खरं. एका वेळी साधारण 150 मिलिलीटर, म्हणजे भरून घेतलेला चहाचा एक कप. दिवसाला सुमारे अर्धा लीटर नवं तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. हे पाणी हलतं हेही खरं, एमआरआयमध्ये ते हलताना दिसतं. पण ते हलतं हृदयाच्या ठोक्यानं आणि श्वासानं. या थेरपीत मिनिटाला 6 ते 12 वेळा येणारी तिसरीच एक लय सांगतात, आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

'शिकलेले हात ती लय ओळखतात.' इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळं एकवेळ बाजूला ठेवलं तरी हा दावा सहज तपासता येतो. एकच माणूस झोपवायचा, दोन-तीन जाणकारांनी एकमेकांना न सांगता त्याची लय मोजायची, आणि आकडे जुळतात का पाहायचं. नाडी अशी मोजली तर कंपाउंडर आणि डॉक्टर यांचा आकडा जुळतो. 1994 साली तीन फिजिओथेरपिस्टांनी बारा जणांवर हे केलं. आकडे एकमेकांशी जुळलेच नाहीत. 1998 साली एका तपासणाऱ्याचे हात डोक्यावर आणि दुसऱ्याचे पायांवर, दोघांनी एकाच माणसाची लय एकाच वेळी मोजायची, असंही करून झालं. तरी मेळ नाही.

बडोद्यात हाताच्या उपचाराला कोणी हसणार नाही. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरानं हाडवैद्यकीत नाव कमावलेलं हे गाव. पण निखळलेला खांदा जागेवर बसला की नाही, हे रोग्याला आणि त्याला धरून आणलेल्या भावाला तिथल्या तिथे कळतं, हात वर जातो किंवा जात नाही. इथे लय बिघडली हे सांगणार त्याच बाई, आणि सुधारली हेही त्याच.

मग त्या बाई खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. त्यांना काहीतरी खरंच जाणवत असणार. वहिनींना हे पटवायला मी खंडेराव मार्केटमधून आणलेलं कलिंगड त्यांच्यासमोर ठेवलं. डोळे मिटा, दहाही बोटं अलगद टेकवा, पाच मिनिटं बोलू नका. तिसऱ्या मिनिटाला वहिनी म्हणाल्या, "अगं, आतून धडधडतंय!" धडधडत होती त्यांचीच बोटं. बोटांच्या टोकांशी रक्त ठोके देतच असतं, आणि हात खूप वेळ स्थिर ठेवला की ते समोरच्या वस्तूतून आल्यासारखं वाटतं. त्यात आपला श्वास, हाताची बारीक थरथर. शिवाय रक्तदाबही मिनिटाला साधारण सहा वेळा हलकासा वरखाली होत असतो, मायर लहरी म्हणतात त्यांना. बोटांना लय हवीच असेल तर सापडायला जागा पुष्कळ आहेत. नेमकी कुठली जाणवते हा वेगळा प्रश्न. ती कवटीतूनच येते असं धरून पैसे घेण्याआधी तो सोडवायला हवा होता, एवढंच.

'अमेरिकेतल्या विद्यापीठात सिद्ध.' या थेरपीला आजचं रूप आणि नाव देणारे जॉन अपलेजर यांनी 1970च्या दशकात मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदत करताना मज्जारज्जूवरचं आवरण लयीत हलताना पाहिलं असं सांगितलं, आणि पुढे 1975 ते 1983 ते मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत होते. इतपत बरोबर. पण विद्यापीठात नोकरी करणं म्हणजे विद्यापीठानं सिद्ध करणं नव्हे. तसं असतं तर आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कँटीनमध्ये दुपारभर काय काय सिद्ध झालं असतं. पुराव्याचं म्हणाल तर दोन्ही बाजू सांगते. 2020 साली दहा चाचण्या आणि 681 रुग्ण एकत्र करून काढलेल्या आढाव्यात जुन्या दुखण्यांना या थेरपीनं आराम पडल्याचं दिसलं. 2024 सालच्या पंधरा चाचण्यांच्या दुसऱ्या आढाव्यात कुठल्याच आजारात उपयोग दिसला नाही. अडचण अशी की आपण कोणता उपचार देतोय हे हात ठेवणाऱ्यापासून लपवताच येत नाही. त्यामुळे या चाचण्यांत आशेचा वाटा किती आणि हातांचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड.

ऑटिझमबद्दल एकच सांगते: त्यासाठी विश्वासार्ह पुरावा नाही, आणि ज्या वर्षांत मुलाला भाषेची आणि वर्तनाची थेरपी मिळायला हवी ती वर्षं परत मिळत नाहीत.

'तान्ह्या बाळालाही चालतं.' हे वाक्य आपल्याकडे लगेच पटतं, कारण आपण टाळू भरणारी माणसं. न्हाऊ घालणारी बाई बाळाचं डोकं दोन्ही तळव्यांनी गोल करते, नाक चिमटीत ओढते, आजी राईची उशी शिवते. डोकं पुढे गोल होतं आणि श्रेय बाईला जातं. जन्मताना लांबट झालेलं डोकं बहुतेक बाळांत आपोआप भरत येतं, कारण आत मेंदू वाढत असतो. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. त्याआधी ती फुगलेली किंवा खोल गेलेली दिसली तर बाळाला सरळ बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचं, कुणाच्याही ओंजळीत द्यायचं नाही. आणि 'अपाय शून्य' म्हणणाऱ्यांसाठी: 2009 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या एका बाळाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. क्रेनिओसॅक्रल या नावाखाली त्या बाळाची मान आणि पाठीचा कणा खोलवर वाकवला गेला होता. अलकापुरीतल्या बाईंनी असलं काही केलं नाही, करणारही नाहीत. पण नावाखाली कोण काय करेल याला आपल्याकडे धरबंध नाही. आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये ही थेरपी येत नाही, आणि ती करायला डॉक्टर असावं लागत नाही.

राहिला वहिनींचा प्रश्न: "मग मला बरं का वाटतं?" वाटणारच. पाऊण तास फोन बंद, खोलीत उजेड मंद, आणि कोणीतरी काही न मागता डोक्याखाली हात धरून बसलंय. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, वहिनींचं डोकं असं कोणी धरलं होतं? दुखणं यानं सौम्य होऊ शकतं, तेवढं खरं आहे, आणि त्याला कवटीची गोष्ट जोडायची गरज नाही. माझा राग बैठकीवर नव्हता. मेसेजमधल्या 'गोळ्या सुटतात' या दोन शब्दांवर होता, कारण अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून डॉक्टरांनी लावलेली रोजची गोळी वहिनींनी तिसऱ्या बैठकीनंतर कुणाला न विचारता बंद केली होती. पुढच्या पंधरवड्यात दोनदा उलट्या होईपर्यंत डोकं दुखलं. तेव्हा केंद्रातून सांगण्यात आलं, जुना त्रास बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे. म्हणजे दुखायचं थांबलं तरी थेरपी लागू, वाढलं तरी थेरपी लागू!

वहिनींनी उरलेल्या बैठका पूर्ण केल्या. पैसे भरलेत, आणि तिथे झोप छान लागते, असं त्यांचं म्हणणं. गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केली आहे, सकाळच्या चहाबरोबर.

कलिंगड मात्र फिकं निघालं.