नवे चित्रकार कुठे सापडतात?

समकालीन चित्रकारांपैकी कोणाचे काम पाहावे, अशी विचारणा ओळखीतली मंडळी अधूनमधून करतात आणि त्यांना बहुधा दहा-बारा नावांची यादी हवी असते. तशी यादी मी देत नाही. इन्स्टाग्रामवर एका संध्याकाळी शेकडो चित्रे नजरेखालून जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले एकही धड आठवत नाही. त्यापेक्षा एकच चित्रकार धरावा, तो उदरनिर्वाहासाठी काय करत होता याचा माग काढावा आणि त्या वाटेने त्याच्या चित्रांपर्यंत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात ही वाट विशेष उपयोगी पडते, कारण आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या चित्रकारांनी वर्षानुवर्षे नोकरी केली आणि त्या नोकरीने त्यांच्या नजरेला लावलेले वळण चित्रांत दिसल्यावाचून राहत नाही.

प्रभाकर बरवे यांचेच घ्या. १९३६ साली कोकणात नागाव येथे जन्मलेल्या बरव्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षण संपवले आणि १९६१ पासून पुढे सुमारे वीस वर्षे, आधी बनारसला आणि मग मुंबईला, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागाच्या कापडासाठी नवी नक्षी तयार करून देणे हे या सरकारी केंद्रांचे एक मुख्य काम. हातमाग आणि हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने तिथे चित्रकारांना आवर्जून बोलावले गेले होते, के. जी. सुब्रमण्यन आणि अकोल्याचे आंबादास हेही त्या काळात याच कामात होते. आधुनिक भारतीय चित्रकलेचा केवढा तरी भाग हातमागाच्या खात्यातून पगार घेत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. (सरकारी नोकरीने कलावंत संपतो, असे म्हणणाऱ्यांनी तर ती अवश्य ऐकावी.)

कापडाची नक्षी काढणाऱ्याला आकृतीचा जेवढा विचार करावा लागतो तेवढाच तिच्याभोवतीच्या मोकळ्या जागेचा करावा लागतो, कारण तीच आकृती कापडावर शेजारीशेजारी पुन्हा पुन्हा उमटू लागली की मधली रिकामी जागाही एक आकार होऊन बसते. हे ध्यानात ठेवून बरव्यांचे चित्र पाहावे. पान, घड्याळ, कात्री, शंख, फळ अशा रोजच्या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर एकमेकींपासून अंतर राखून असतात. एखाद्या वस्तूची सावली तिला सोडून वेगळीच वस्तू होऊ पाहते आणि मधली मोकळी जागा वस्तूंइतकीच बोलकी असते. त्यात त्यांनी अनेक चित्रे इनॅमल रंगात केली. घराच्या दाराखिडक्यांना लावतात त्याच जातीचा हा चकचकीत रंग, आणि तो सपाट बसला की ब्रशचा फटकारा जवळजवळ दिसतच नाही. फोनच्या काचेवर हा पृष्ठभाग कळणे शक्यच नाही, कारण तिथे प्रत्येक चित्राला सारखीच चकाकी असते. मूळ चित्रासमोर मात्र थोडे बाजूला सरकून तिरके पाहिले की रंगावरून उजेड घरंगळतो आणि चित्रकाराने आपला हात किती निगुतीने लपवला आहे ते लक्षात येते.

२०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. उद्घाटनाच्या समारंभात अमोल पालेकर यांचे भाषण मध्येच अडवले गेले आणि बातमी झाली ती त्याची. व्हायलाच हवी होती. पण ज्यांच्या चित्रांसाठी तो समारंभ होता त्यांचे नाव अनेक मराठी वाचकांनी त्या बातमीतच पहिल्यांदा वाचले असेल, तर ते आपल्या रसिकतेला फारसे शोभत नाही. बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० पासून आपल्या भाषेत आहे.

सुधीर पटवर्धन यांची वाट वेगळी आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या या चित्रकाराने ठाण्यात तीसेक वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले. त्यांच्या चित्रांतला कामगार, लोकलमधला प्रवासी किंवा इराण्याकडे बसलेला माणूस पाहताना त्याचे खांदे, मान आणि पोट यांचे वजन जाणवते. शरीर आतून पाहण्याची सवय असलेल्या माणसाचे हे काम आहे, असे मला नेहमी वाटते.

अशीच एक वाट अक्षरांतून जाते, आणि ती तर प्रत्येकाच्या हाताशी आहे. विंडोजच्या संगणकावर ज्याने मराठी टंकले आहे त्याने 'मंगल' हा फाँट पाहिलेला असतोच, पण तो र. कृ. जोशी यांनी घडवला हे किती जणांना माहीत आहे? जोशी कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरात क्षेत्रात आणि पुढे आयआयटी मुंबईत होते. 'मंगल' दिसायला देखणा नाही असे माझे प्रांजळ मत असले, तरी संगणकाच्या पडद्यावर जोडाक्षरे न मोडता उमटवण्याचे काम त्याने एका पिढीसाठी केले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके एका नजरेत ओळखू येत, त्यामागे अनेकदा कमल शेडगे यांचा हात असे. आजचे म्हणाल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत तेच ते गुळगुळीत टंक पाहून कंटाळलेल्यांनी ते जरूर उतरवून घ्यावेत.

एवढी तयारी झाली की खुशाल मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जावे. १९५२ पासून उभ्या असलेल्या या कलादालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, प्रदर्शने आठवड्याच्या हिशेबाने बदलतात, आणि बाहेरगावहून आलेला चित्रकार पुष्कळदा स्वतःच तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. बहुतेक जण त्याला चित्राचा अर्थ विचारतात आणि तो बिचारा पाठ झालेले उत्तर देतो. त्याऐवजी रंग कोणता वापरला, थर किती दिले, मधे काय खोडले, एरवी नोकरी कुठे करता, असे विचारून पाहावे. माणूस खुलतो, आणि सांगतासांगता आपल्या गावाकडच्या आणखी दोघा-तिघा चित्रकारांची नावे देतो. ती नावे कोणत्याही यादीत नसतात.

मुंबईबाहेरच्यांची अडचण मात्र खरी आहे. पटवर्धनांनीच पूर्वी समकालीन भारतीय चित्रांचे एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत फिरवले होते, आणि असे प्रयत्न नियमाने व्हायला हवे होते. पुण्याचे बालगंधर्व कलादालन किंवा कोल्हापूरचे शाहू स्मारक यांसारख्या जागा सगळीकडे नाहीत. पण कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने अनेक शहरांत भरतात. तिथे विद्यार्थ्यांची मुद्राचित्रे, म्हणजे ठशावरून छापून काढलेली चित्रे, परवडणाऱ्या किमतीत मिळू शकतात, आणि घेणाऱ्यांची गर्दी म्हणाल तर अजिबात नसते.