सगळं फुकट आहे म्हणे, मग रांगेत कोण उभंय?

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर गेल्या रविवारी परत तो मेसेज आला. तिसऱ्यांदा. मेसेज असा की महाराष्ट्रात सरकारी हॉस्पिटलं पूर्ण मोफत झालीत, वर प्रत्येक कुटुंबाला पाच लाखाचा विमा, मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात वीस टक्के बेड गरिबांना फुकट, शिवाय निराधारचे दीड हजार अधिक लाडक्या बहिणीचे दीड हजार अधिक फुकट रेशन, आणि तरी कोणी उपचाराला पैसे नाहीत म्हणत असेल तर तो आळशी नाहीतर खोटारडा, आणि हे सगळं चालतं आपल्या टॅक्सवर. खाली नेहमीचं, सत्य कटू असतं पुढे पाठवा.

दोनदा सोडून दिलं. यावेळी लिहितेय, कारण यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे आणि उरलेला अर्धा भाग मी रोज बघते. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, नोकरी अकाउंट्सची, आणि सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्यांचे फॉर्म भरून देते. समाजसेवा वगैरे काही नाही हो, सासऱ्यांच्या डायलिसिसच्या वेळी कुठला कागद कुठल्या खिडकीवर लागतो ते कळलं, आणि एकदा ते कळलं की शेजारपाजारचे सोडत नाहीत.

उदाहरण एकच घेते म्हणजे गोंधळ नको. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी. मिस्टर वॉचमन, १२ हजार पगार, मागच्या वर्षी रात्रपाळीत लकवा मारला, उजवी बाजू गेली. मावशी तेव्हा तीन घरची धुणीभांडी करून साडेसात हजार कमवायच्या. आता मेसेज घ्या आणि या घराला लावून बघा.

पहिलं, सरकारी हॉस्पिटल मोफत. निर्णय झाला, खरंय, १५ ऑगस्ट २०२३ पासून. पण तो होता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं. आता मला सांगा मुंबईत यातलं काय आहे? जेजे, सेंट जॉर्ज, जीटी, कामा ही राज्य सरकारचीच, पण वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि तो विभाग त्या निर्णयात नव्हता. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी महापालिकेची. टाटा तर केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं. म्हणजे ज्या शहराच्या फोटोवर ‘मोफत’ लिहून मेसेज फिरतोय त्याच शहरातला पेशंट त्या निर्णयातून जवळजवळ पूर्ण बाहेर. विक्रोळीच्या माणसाला तो फायदा घ्यायचा तर ठाण्याचं सिव्हिल गाठायला हवं, लकवा मारलेल्या माणसाला घेऊन.

पालिकेत आणि जेजेत रेट कमीच आहेत, नाही म्हणत नाही मी. केसपेपर काही रुपयांत होतो, डॉक्टर चांगले असतात, आणि आपला दवाखाना म्हणून जे २०२२ पासून उघडलेत ते रात्री दहापर्यंत चालू असतात ही कामावरून सुटून येणाऱ्यांसाठी खरंच चांगली गोष्ट झाली. पण वॉर्डात ॲडमिट झालं की हातात येते ती चिठ्ठी. हे इंजेक्शन बाहेरून आणा, ती टेस्ट बाहेरून करा. मावशींकडे अशा चिठ्ठ्यांची पिशवीच आहे, मेडिकलवाल्याची बिलं सोबत स्टेपल केलेली, कोणी कधीतरी परत देईल म्हणून जपून ठेवलीत. चिठ्ठी येते कारण औषध स्टोअरला नसतं, आणि स्टोअरला का नसतं ते वर ठरतं. राज्याच्या हॉस्पिटलांची खरेदी २०१७ मध्ये एकत्र करून हाफकिन या राज्याच्याच कंपनीकडे दिली, ऑर्डरी रखडायला लागल्या, मग २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात एका दिवसात २४ पेशंट गेले, त्यात १२ नवजात बाळं, तेव्हा औषधांचा प्रश्न चार दिवस टीव्हीवर होता. मग गेला.

दुसरं, पाच लाखाचा विमा. महात्मा फुले जन आरोग्य योजना. ही चांगली योजना आहे, मी स्वतः कितीतरी लोकांना आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या टेबलापर्यंत नेऊन सोडलंय आणि ऑपरेशन फुकट होऊन लोक चालत घरी आलेत. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, मग सगळ्या राज्यात, २०१७ मध्ये नाव बदललं, आधी दीड लाख मिळायचे, २०२३ मध्ये पाच लाखाचा निर्णय झाला आणि प्रत्यक्षात लागू व्हायला जुलै २०२४ उजाडलं. त्या मधल्या वर्षभरात मेसेज मात्र पाच लाखाचेच फिरत होते बरं का, लोक यायचे, पाच लाख ना ताई, आणि मी सांगायचे अजून दीडच आहेत तर माझ्याकडेच संशयाने बघायचे.

पण हे पाच लाख खात्यात येत नाहीत आणि ‘आजारी पडलो’ एवढ्यावर मिळत नाहीत. ठरलेल्या उपचारांची यादी आहे, प्रत्येकाचं पॅकेज आहे, ते त्या हॉस्पिटलला मंजूर असायला लागतं, आधी मंजुरी, मग उपचार. पाच लाख अख्ख्या कुटुंबाला मिळून, वर्षाचे. आणि ॲडमिट व्हायला लागतं. ओपीडीत महिनोन्महिने बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतात त्या यात नाहीत. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्ये, काही आजारांना पुढचं फॉलोअप पॅकेज आहे, बाकी अकराव्या दिवसापासून आपापलं. आता लकव्याचा पेशंट दहा दिवसांत उठून बसतो का? फिजिओथेरपी, डायपर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि त्याला बघायला मावशींनी एक घर सोडलं त्याचे पैसे, याचं पॅकेज कुठे असतं?

मावशींचं तर तिथपर्यंतही गेलं नाही. रेशनकार्ड गावी, पाटणला, दिराकडे. वाटण्या झाल्या तेव्हा दिराने मावशी आणि मिस्टरांची नावं कमी करून घेतली, इथे कधी चढवली नाहीत, भाड्याच्या खोलीचा मालक ॲग्रीमेंट करून देत नाही. आता कुठल्याही रंगाचं कार्ड चालतं, आणि कार्ड नसेल तर डोमिसाइल, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला चालतो, कागदावर एकदम सोपं. डोमिसाइलला १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. रात्री दोनला माणूस आडवा झालाय आणि तुम्ही १५ वर्षांची लाइट बिलं शोधताय. फूटपाथवर राहणाऱ्यांचं काय होत असेल बघा मग.

तिसरं, ट्रस्टचे बेड. वीस टक्के फुकट नाहीत. दहा टक्के निर्धन म्हणजे फुकट, दहा टक्के दुर्बल म्हणजे सवलतीत. ही काही हॉस्पिटलांची दानत पण नव्हे, सार्वजनिक ट्रस्ट कायद्याचं कलम ४१ कक आहे, हायकोर्टात जनहित याचिका झाली, कोर्टाने योजना करून दिली आणि २००६ पासून ती बांधील आहे. बदल्यात ट्रस्टना टॅक्समध्ये सूट मिळते, काहींना जमिनी पण स्वस्तात मिळाल्यात. त्याच योजनेत लिहिलंय की इमर्जन्सी असेल तर आधी ॲडमिट करायचं, डिपॉझिट मागायचं नाही. त्या रात्री मावशी मिस्टरांना घेऊन पहिल्यांदा अशाच एका मोठ्या हॉस्पिटलात गेल्या होत्या. काउंटरवर ५० हजार डिपॉझिट सांगितलं. रिक्षा परत फिरली. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही, मावशींना अजून काही नको आहे.

नंतर कोणी तक्रार करा म्हणालं तर प्रश्न आला उत्पन्नाच्या दाखल्याचा. निर्धनला मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलला ३ लाख ६०. तहसीलदाराचा दाखला निघतो मागच्या आर्थिक वर्षाच्या कमाईवर, म्हणजे माणूस धडधाकट होता त्या वर्षाच्या. दोघांचे मिळून २ लाख ३४ हजार, म्हणजे निर्धनमध्ये बसत नाहीत. ज्या आजाराने कमाई गेली तो आजार दाखल्यात दिसायला पुढचं वर्ष लागतं!

चौथं, आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. घरबसल्या तीन हजार. हिशेबाला बसू या, माझं कामच ते. संजय गांधी निराधार योजनेत लकवा, कॅन्सर, टीबी असे आजार येतात, महिना १,५०० मिळतात. आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा? वर्षाला २१ हजार. महिन्याला १,७५०. रोजचे ५८ रुपये, सगळ्या घरात मिळून, मुंबईत. (दिव्यांग असल्याचं सर्टिफिकेट असेल तर ५० हजार, त्या सर्टिफिकेटची रांग वेगळी.) फक्त एका घरची भांडी घासली तरी बाई या योजनेतून बाहेर. त्यामुळे ज्यांना मिळतं त्यातल्या कितीतरी जणांना २१ हजाराच्या आतला दाखला ‘काढावा’ लागतो, हे सगळ्यांना माहितेय, देणाऱ्यालाही. मेसेज म्हणतो गरीब खोटारडे, अहो खरं बोलणाऱ्याचा अर्जच बाद होतो.

रेशनचं पण तसंच, स्वस्त नाही आता फुकटच आहे धान्य, माणशी पाच किलो, पण शहरात मर्यादा ५९ हजार, वर्षाला. आणि ५९ हजारात बसलात तरी इष्टांक असतो. म्हणजे राज्यातल्या शहरांत ४५.३४ टक्के लोकांनाच द्यायचं हे २०११ च्या जनगणनेवर ठरलंय, माणसं वाढली तरी आकडा तोच. रेशन ऑफिसात मावशींना सांगितलं की नाव चढवू, धान्याचं मात्र बघू, इष्टांक भरलाय.

आणि लाडकी बहीण? जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, नोव्हेंबरमध्ये विधानसभा, तिथे मर्यादा अडीच लाख. मावशींना मिळतात ते पैसे, त्यांना उपयोग होतो, मी नावं ठेवणार नाही. पण बघा की, एकच बाई, एका खिडकीवर अडीच लाखापर्यंत गरजू, दुसऱ्या खिडकीवर १ लाख ८०, तिसरीवर ५९ हजार आणि चौथीवर २१ हजार. मुंबईत किती पैशात भागत नाही हे सरकारला कळत नाही असं नाही, अडीच लाखाचा आकडा लिहिता आलाच ना. आणि तीन हजाराची बेरीज मुळात चूक, बाईला स्वतःला निराधारचे दीड हजार येत असतील तर लाडकी बहीण लागू होत नाही, नियमच आहे तसा.

राहिलं आपला टॅक्स. मिस्टरांची जुनी पगाराची स्लिप मी दाखल्यासाठी मागितली होती. एजन्सीने ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा भरलेलाच नव्हता, भरला असता तर ईएसआयच्या हॉस्पिटलात तरी हक्काने गेले असते. पण व्यवसाय कर मात्र बरोबर कापलेला, जो जातो राज्य सरकारकडे, दर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ज्या काकांनी मेसेज टाकला त्यांचा मुलगा बीकेसीत मोठ्या पगारावर आहे, चांगला मुलगा आहे, त्याचाही व्यवसाय कर वर्षाला २,५०० च. त्याहून जास्त घेताच येत नाही, घटनेत मर्यादा तेवढीच आहे.